रहस्यकादंबरीची तरफदारी

ज्या लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांकडे वैद्यकीय प्रवेशाच्या आकांक्षेने महाराष्ट्रभरातून विद्यार्थी येतात, तेथे एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात रहस्यकादंबरी सापडली, की तो कसूर मानून पुस्तक जप्त करण्याचे फर्मान निघावे, हे मला अत्यंत खेदजनक वाटते. शेकडो रहस्यकथा लिहिणाऱ्या आणि काही काळ लातुरातच पत्रकारिता करणाऱ्या गुरुनाथ नाईकांच्या ‘कॅप्टन दीप’ या नायकाने किती मराठी मुलांना वाचनाची गोडी लावली, याची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात नाही. कथानकाने अकस्मात वळण घेताच जी मुलगी आनंदाने थरारून उठते, आणि हे आपल्या ध्यानात कसे आले नाही म्हणून मागली पाने पुन्हा उलटून लेखकाने उघड्यावर ठेवलेल्या खुणा शोधू लागते, ती अवधानाचे आणि अनुमानाचे शिक्षण स्वखुशीने घेत असते. अभिजात वाङ्मयाचा रस्ता, माझ्या मते तरी, येथूनच निघतो. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये अनुदान घेणाऱ्या येथील वाचनालयांनी अभ्यासिकेतील खुर्च्यांबरोबर या कादंबऱ्यांच्या नव्या प्रतींसाठीही रक्कम मंजूर करावी, आणि सुहास शिरवळकर, नारायण धारप यांची पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशा फळीवर मांडावीत.