शिकवणी कधी लावावी?

शेजारचा मुलगा क्लासला जातो म्हणून आपलाही धाडायचा, ही पगाराला लागलेली गळती आहे. एका चाचणीत गुण घसरले एवढ्यावरून शिकवणी लावू नये. मूल रोज अभ्यासाला बसते, तरी सातवीत अपूर्णांकांची बेरीज अडते, म्हणजे पाचवीचेच कच्चे राहिले. तिथे मदत हवी. भुसावळहून खंडव्याला बदली होऊन माध्यम बदलले, तर काही महिने हिंदीपुरती शिकवणी पुरते. पण आधी शाळा गाठा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे आठवीपर्यंत गरजेनुसार जादा शिकवणे हे शिक्षकाचेच कर्तव्य आहे. कलम २८ तर त्याला खासगी शिकवणीची मनाईच करते. मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करा. त्यापायी एखादी किरकोळ रजा गेली तरी चालेल.