कांडवेल चालेल, पण आधी शिंपला



"कोंबड्या लंगडतात, बसूनच राहतात, काय द्यावं?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. कांडवेल वाटून पाण्यातून द्या, नाहीतर दुकानातलं आयुर्वेदिक कॅल्शियम आणा. माझं मत वेगळं आहे, स्पष्टच सांगतो.

कांडवेल म्हणजे हाडजोड वाईट नाही. चौकोनी कांड्यांची ही वेल कुंपणावर फुकट मिळते, मोडलेल्या हाडावर बांधायची रीत जुनी आहे, संस्कृत नावही अस्थिशृंखला. उंदरांवरच्या प्रयोगांत हाड भरून यायला तिची मदत दिसलीय. पण आपल्या अंड्यावरच्या कोंबडीचं हाड बहुतेक वेळा मोडलेलं नसतं, रिकामं झालेलं असतं.

हिशेब बघा. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं, म्हणून कोंबडीला दिवसाला ४ ग्रॅमच्या आसपास पाहिजे. आपण टाकतो काय? मोताळा, देऊळगाव राजाकडं मका भरपूर, म्हणून मका. १०० ग्रॅम मक्यात पाव ग्रॅमसुद्धा कॅल्शियम नसतं. मग कोंबडी स्वतःच्या हाडातून काढून अंडं देते, आणि एक दिवस पाय धरत नाहीत. चमचाभर रसानं ही तूट कशी भरणार? कांडीत पाणीच जास्त, त्यात बरंच कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात, ते नीट पचत नाही. (वाटताना हाताला खाज सुटते ती त्याच्याच बारीक सुयांमुळं.)

शिंपल्याच्या १० ग्रॅम भरडीत साडेतीन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. कवच रात्री तयार होतं, कोंबडी लागेल तेवढं उचलते. मोकळ्या फिरणाऱ्यांना उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, शेडमधल्यांना खाद्यातून ड३ द्यावंच लागतं. पिल्लं आणि तलंगांना मात्र शिंपला नको. अंड्यावर येण्याआधी जास्त कॅल्शियम झालं तर मूत्रपिंडं खराब होतात.

मला खरी भीती वेगळीच वाटते. एक पाय पुढं, एक मागं ताणून पक्षी पडला तर तो मरेक्स असू शकतो. मान वाकडी, हिरवी हगवण असेल तर मानमोडीचा संशय घ्या. तिथं वेलही चालत नाही, शिंपलाही नाही. रस पाजत चार दिवस घालवले तर खुराडं रिकामं होतं. आजारी पक्षी वेगळा करा, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मेलेला पक्षी नाल्यात फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता आपल्या कंपनीच्या दुकानात टॉनिकच्या बाटल्या ठेवायच्या की शिंपल्याची पोती, हे पुढच्या बैठकीत ठरवू. माझं मत पोत्यांना.