कापसाचा भाव आणि वेचणीचा दर



महिला मंडळांच्या बैठकीत मी जागतिक व्यापार संघटनेचे नाव काढले की कुणीतरी हमखास विचारते, ‘ताई, त्याचा आमच्याशी काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. रेशन, दारू, नवऱ्याची मारहाण ही कामे पुढ्यात असताना जिनिव्हाचे काय घेऊन बसायचे? म्हणूनच या वेळी कापसाबद्दल लिहिते आहे.

2001-02 साली जगाच्या बाजारात कापसाचे भाव कोसळले. त्या काळात अमेरिका आपल्या सुमारे 25 हजार कापूस उत्पादकांना वर्षाला अब्जावधी डॉलरची मदत देत होती. तोटा सरकार भरून देणार म्हटल्यावर पेरा कमी कोण करील? माल येत राहिला, भाव आणखी दबला. त्याची झळ बसली पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या देशांना. 2003 साली या चौघांनी मिळून मागणी केली: ही सबसिडी बंद करा आणि तोवर नुकसानभरपाई द्या. त्या सप्टेंबरात मेक्सिकोतल्या कानकुनला परिषद भरली, आणि मोडली. चौघांच्या हाती काही लागले नाही.

ब्राझीलने मात्र 2002 मध्ये तक्रार नेली, लढवली आणि जिंकली. मग अमेरिकेने सबसिडी बंद केली का? छे! 2010 मध्ये ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर द्यायचे कबूल केले आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी देऊन प्रकरण मिटवले. स्वतःच्या शेतकऱ्यांची मदत चालू राहावी म्हणून परक्या शेतकऱ्यांना पैसे! ज्याच्याकडे वकील आहेत आणि उलट तडाखा देण्याइतका व्यापार आहे, त्याचे ऐकले जाते. पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचा 11 टक्के कर आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केला. गिरण्यांना स्वस्त माल हवा होता, हे मान्य. पण विदर्भात वेचणीचा हंगाम नेमका तेव्हाच असतो.

भाव पडला की कात्री लागते ती वेचणाऱ्या बाईच्या किलोमागच्या दराला. हमीभावाने सरकारी खरेदी केंद्रावर विकावे, तर सातबारा लागतो, पीकपेऱ्याची नोंद लागते. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये बायांचे प्रमाण होते सुमारे 14 टक्के. नाव नाही तिने दाराशी आलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने माल द्यायचा.

‘न्याय्य व्यापारा’चा शिक्का असलेल्या कापसाला किमान भाव आणि वर काही जादा रक्कम मिळते. चांगलेच आहे. पण ती रक्कम कशावर खर्चायची हे ठरवणाऱ्या बैठकीत वेचणारी बसते का, हे विचारत राहिले पाहिजे.

काही मैत्रिणी म्हणतात, भावाची लढाई जमीनवाल्या पुरुषांची. आपण मजुरीवर बोलावे. मला हे पटत नाही. ज्या दोन एकरवाल्याचा उत्पादन खर्चच निघाला नाही, त्याच्याकडे मजुरी वाढवून कशी मागणार? शिवाय दोन एकरवाली बाई स्वतःचा कापूस वेचून झाला की दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातेच. तिच्यापुरती ही लढाई एकच आहे. शेतकरी संघटनांच्या निवेदनात मात्र वेचणीच्या दराचा शब्द नसतो आणि आपल्या निवेदनात आयातकराचा नसतो.

येत्या हंगामात तहसीलवर जाताना दोन्ही मागण्या एकाच कागदावर असाव्यात. त्यासाठी आपापल्या गावात वेचणीचा दर किलोला किती मिळाला आणि त्याच आठवड्यात कापूस काय भावाने गेला, हे टिपून आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात छापू.