मुदत : ३१ डिसेंबर

शासनास,

हे निवेदन नाही. निवेदने देऊन झाली.

आम्ही दोन प्रकारची माणसे आहोत. दारू पिऊन हाकलेल्या गाडीखाली ज्यांचे माणूस गेले, ती घरे. आणि रात्रीच्या नाकाबंदीत ज्यांच्या तोंडाला नळी लावली जाते, ते रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रकवाले. आजवर आम्हाला एकमेकांसमोर उभे केले गेले. आता आम्ही एका बाजूला आहोत. नोंद घ्यावी.

आमची तक्रार कायद्याबद्दल नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल, की गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार केला. कैद सहा महिन्यांपर्यंत.

शिक्षा वाढवा, असे आम्ही म्हणणार नाही. ती मागणी तुमच्या सोयीची आहे. एक घोषणा केली की भागते.

आम्ही पुराव्याबद्दल बोलत आहोत.

कलम २०२ वाचा. या गुन्ह्यात अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत. नाही झाली, तर त्याला कोठडीतून सोडायचे. दोन तासांना कारण आहे. माणसाचे शरीर शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम अल्कोहोल संपवते. हा पुरावा ठाण्याच्या कपाटात राहत नाही. तो आरोपीच्या अंगात असतो आणि दर तासाला कमी होतो.

१९ मे २०२४. पुणे, कल्याणीनगर. पहाटे अडीचच्या सुमारास पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे रक्त ससून रुग्णालयात घेतले गेले सकाळी अकराच्या सुमारास. मध्ये आठ तास. हिशेब करा. एकशेवीस मिलिग्रॅम. मर्यादेच्या चौपट प्यालेला माणूसही तेवढ्या वेळात कोरा निघू शकतो.

नमुना बदलण्याची गरजही नव्हती. तरी तो कचऱ्यात टाकला गेला आणि जागी मुलाच्या आईचे रक्त ठेवले गेले, असा पोलिसांचाच आरोप आहे. ससूनचे दोन डॉक्टर अटकेत गेले. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण प्रकार उघडकीस आला तो औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला गेला होता म्हणून. डीएनए जुळला नाही. दुसरा नमुना नसता, तर?

त्या मुलाच्या जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर महाराष्ट्र भरपूर हसला. आम्ही हसलो नाही. आम्ही घड्याळाकडे पाहत होतो.

सात आठवड्यांनी वरळी. ७ जुलै २०२४. गाडीखाली स्कूटरवरची बाई गेली, गाडीचा चालक पळाला. तो हाती लागला ९ जुलैला. त्याच्या रक्तात तोवर काय उरणार होते, हे कोणत्याही मुद्देमाल कारकुनाला विचारा.

तरीही कोणी म्हणेल, ही अलीकडची दोन प्रकरणे. ठीक. मागे जाऊ.

२८ सप्टेंबर २००२. वांद्रे, अमेरिकन एक्स्प्रेस बेकरी. पदपथावर झोपलेला एक माणूस गाडीखाली ठार, चार जखमी. सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी सलमान खान यांना पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

निकालावर आमची टीका नाही. न्यायमूर्तींसमोर जे आले, ते त्यांनी तपासले. समोर काय आले? रक्त काढले सहा मिलिलिटर. प्रयोगशाळेत पोचले चार. दोन मिलिलिटरचा समाधानकारक खुलासा सरकार पक्षाला करता आला नाही. अंगरक्षक म्हणून नेमलेल्या पोलीस शिपायाच्या पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता. तो आला काही दिवसांनंतरच्या जबाबात. एवढ्याशा फटींतून तेरा वर्षांचा खटला वाहून गेला.

त्या फटी कोणत्याही वकिलाने पाडलेल्या नव्हत्या. त्या पहिल्या काही दिवसांतल्या होत्या.

आणखी मागे. १९७१. बचुभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तोंडाला वास, झोकांड्या, अडखळती जीभ, विस्फारलेल्या बाहुल्या. एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असे ठरवता येणार नाही, रक्त किंवा लघवी तपासायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याला सांगितले. पन्नास वर्षे उलटून गेली. ‘तोंडास दारूचा उग्र वास येत होता, डोळे लालसर होते’ हे वाक्य अजूनही कागदावर उतरते. माणूस बदलतो, वाक्य बदलत नाही.

पुरावा नीट गोळा केला तर तो टिकतो. कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे सात मजूर चिरडले गेले. रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघाले, आणि ॲलिस्टर परेरा याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. शिक्षा कमी वाटली असेल. पण ती टिकली. म्हणजे हे जमते. जमवायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता आमच्यातल्या दुसऱ्या बाजूचे.

नाकाबंदीत ब्रेथ अ‍ॅनालायझर पुढे येतो. नळी नवी आहे का, विचारायची सोय नाही. यंत्राचे कॅलिब्रेशन कधी झाले, हे समोरच्या हवालदारालाही ठाऊक नसते. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेले नाही. नुकताच माउथवॉश वापरला असेल, नुकतीच ढेकर आली असेल, तर यंत्र तोंडातले अल्कोहोल मोजते, रक्तातले नाही. म्हणून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला लावायचे असते. मागे गाड्यांची रांग असताना पंधरा मिनिटे कोण थांबतो?

वाण्याचा तराजू तपासला जातो. पेट्रोल पंपाचे माप तपासले जाते. या यंत्रांची दरवर्षी पडताळणी व्हावी, असा मसुदा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने काढला तो २०२५ मध्ये. तोवर याच यंत्रांच्या आकड्यांवर लोकांचे परवाने अडकले, दिवसाची कमाई गेली, कोर्टाच्या खेपा झाल्या.

पैसेवाल्याच्या खटल्यात पुराव्याची प्रत्येक मिनिटाला झडती होते. रिक्षावाल्याच्या खटल्यात कोणीच झडती घेत नाही. तो कबूल करतो, दंड भरतो, जातो. एकाच पुराव्याने एक सुटतो आणि एक अडकतो. आम्ही एकत्र आलो ते यासाठी.

आम्ही थांबलो. अर्ज दिले, पोच घेतली. भेटी मागितल्या, बाहेरच्या बाकावर बसलो. ‘वर कळवतो’ हे ऐकले. कोणाच्या गाडीवर दगड टाकला नाही. रस्ता अडवला नाही. ज्यांना रस्ता अडल्यावर काय होते ते माहीत आहे, ती माणसे रुग्णवाहिका अडवत नाहीत. ही शांतता म्हणजे दुबळेपणा, असा समज झाला असेल तर तो आपण स्वतःच काढून टाकावा.

आमची मागणी आजही तीच आहे.

प्राणघातक अपघातात चालकाचे रक्त अपघातापासून दोन तासांत घ्या. अटकेपासून नव्हे, कारण अटक लांबवता येते. नमुने दोन, वेगवेगळ्या रुग्णालयांत ठेवलेले. कातडी स्पिरिटने पुसायची नाही. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवे, नाहीतर रक्त सडते आणि सडताना त्यात अल्कोहोल तयारही होते, नाहीसेही होते. रक्त घेताना चित्रीकरण. बाटली ज्या ज्या हातातून गेली, त्या प्रत्येकाची सही, वेळ आणि मिलिलिटर. उशीर झाला तर उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव दोषारोपपत्रात. आणि प्रत्येक नाक्यावर यंत्राचे प्रमाणपत्र, मागेल त्याला दिसेल असे.

यात एकही गोष्ट महाग नाही. नव्या कायद्याची गरज नाही. एक परिपत्रक पुरते.

मुदत येत्या ३१ डिसेंबरपर्यंत. त्या रात्री आपण वर्षातली सर्वांत मोठी नाकाबंदी लावता. म्हणूनच ही तारीख निवडली आहे.

परिपत्रक निघाले नाही, तर पुढील गोष्टी होतील.

त्या रात्री आमचा प्रत्येक चालक यंत्राचे प्रमाणपत्र मागेल. फुंकायला नकार देणार नाही. प्रमाणपत्र मागेल, नवी नळी मागेल, पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी मागेल, आणि कलम २०४ खाली रक्ततपासणीची तयारी लेखी देईल. शांतपणे. रांगेतला प्रत्येक जण.

कोऱ्या पंचनाम्यावर आमच्यातला कोणीही सही करणार नाही. नेहमीचे पंच आपल्याकडे आहेतच. त्यांची नावे आम्ही खटल्याखटल्यांतून जमवली आहेत. तीच नावे पुन्हा पुन्हा का येतात, हे न्यायालयाला वाचून दाखवू.

प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर आमचा माणूस ठाण्यात असेल. वेळ टिपत. बचावाचा वकील जे प्रश्न तेरा वर्षांनी विचारतो, ते आम्ही पहिल्या दिवशी विचारू. रक्त कधी घेतले? कोणी नेले? किती होते? उत्तर मिळाले नाही, तर पुरावा नाहीसा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. अर्जात खात्याचे नाव नसेल. माणसाचे असेल.

आणि माहितीचा अधिकार. राज्यातल्या प्रत्येक ठाण्याला एक अर्ज : आपल्याकडे किती यंत्रे आहेत, प्रत्येकाचे शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले. उत्तराला तीस दिवस. टाळले तर अपील. त्यानंतर दिवसाला अडीचशे रुपये दंड, पंचवीस हजारांपर्यंत, तोही माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून.

अर्जाचा मजकूर टंकून तयार आहे. त्यात फक्त ठाण्याचे नाव भरायचे आहे.