श्वानाचे नाक आणि ठाण्याचे दार

कापूस वेचायला गेलेली मजूर बाई दिवेलागणीपर्यंत घरी परतली नाही, तर वर्धा जिल्ह्यातील तिच्या कुटुंबाने कुठे जावे? पोलीस ठाण्यात, हे उघड आहे. पण हातावर पोट असणाऱ्यांना तेथे पुष्कळदा एकच उत्तर मिळते : नातेवाइकांकडे पाहा, चोवीस तास थांबा. असे थांबण्याचे बंधन कोणत्याही कायद्यात नाही. तरीही ते लादले जाते, आणि त्या एका दिवसात तपासाचे एक मोलाचे साधन निकामी होते.

ते साधन म्हणजे माग काढणारे श्वान. माणूस चालतो तेव्हा त्याच्या त्वचेचे सूक्ष्म कण आणि घामाचा वास वाटेवर पडत जातो. पावलांखाली दबलेली माती व गवत त्यात भर घालतात. पहाटेच्या दमट गारव्यात हा माग टिकतो. कडक ऊन, वारा आणि शोधायला धावलेल्यांची पावले यांनी तो लवकर पुसला जातो. श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणी; आष्टी-कारंजाकडील पांदण तेथून दूर. म्हणजे तक्रार नोंदवून घेण्यातील प्रत्येक तासाची दिरंगाई गरिबाच्या वाटेवरचा माग पुसते. धनिकाच्या घरफोडीला पथक त्वरेने येते, मग मजुराचे माणूस हरवले असता ते का येऊ नये?

१० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलना’च्या याचिकेवर आदेश दिला, की हरवलेल्या बालकाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असे गृहीत धरून तपास करावा. प्रौढ स्त्री-पुरुषांना मात्र हे संरक्षण नाही. त्यांची ‘हरवल्याची’ नोंद होते आणि बहुधा तेथेच थांबते.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. श्वान हवे ते हरवलेल्याला शोधण्यासाठी, कोणाला आरोपी ठरवण्यासाठी नव्हे. महाराष्ट्रातील रेल्वेमार्गाच्या घातपाताच्या एका खटल्यात, १९६९ साली, सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावरील मूलभूत आक्षेप नोंदवले : श्वानाची उलटतपासणी होत नाही, आणि माणसाचे स्वातंत्र्य त्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु पारधी बेड्याकडे पाहणारी संशयी नजर अद्याप गेलेली नाही. श्वान बेड्याच्या दिशेने वळले एवढ्यावरून तेथील तरुणांना उचलणे हा तपास नव्हे, जुलूम आहे.

कार्यकर्त्यांनी म्हणून दोन कामे अंगावर घ्यावीत. माणूस हरवल्याचे कळताच पोलीस पाटलाला घेऊन ठाण्यात जावे, लेखी नोंद व तिची प्रत घेतल्याखेरीज उठू नये, आणि पथकाची मागणी त्याच अर्जात करावी. दुसरे, शेवटी दिसलेल्या जागी गर्दी होऊ देऊ नये. हरवलेल्याचे न धुतलेले वस्त्र हाताळू न देता स्वच्छ पिशवीत ठेवावे. माग बसथांब्यावर किंवा फलाटावर तुटला, तरी पुढची चौकशी कुठून करायची एवढे तरी कळते.

श्वानाला जात कळत नाही, सातबारा वाचता येत नाही. ही समदृष्टी ठाण्याच्या दारापर्यंत पोचवणे हे आपले काम आहे.