मुंगी पुस्तकात भेटत नाही



परवाचीच गोष्ट. माझा दहा वर्षांचा मुलगा पाठशाळेच्या परीक्षेत पहिला आला. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत सगळे जीव त्याला उदाहरणांसकट पाठ. गांडूळ दोन इंद्रियांचं, मुंगी तीन, फुलपाखरू चार. मी कौतुकाने शिरा केला. संध्याकाळी बाल्कनीत मुंग्यांची रांग लागली, तर हाच मुलगा फवाऱ्याची बाटली घेऊन धावला. मी हात धरला. म्हटलं, "अरे, सकाळीच तर सांगत होतास ना, मुंगी तीन इंद्रियांची?" तो म्हणाला, "अगं आई, ती पुस्तकातली. या खऱ्या आहेत."

मला हसू आलं नाही. रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं.

माझं बालपण जयसिंगपूरचं. शाहू महाराजांनी वसवलेलं, त्यांच्या वडिलांच्या नावाचं गाव. आखून काढलेल्या सरळ गल्ल्या, त्यांना नावांऐवजी आकडे. मे महिन्यात आमची गल्ली म्हणजेच आमचं घर. लगोरी, डबा ऐसपैस, लंगडी, आणि ऊन चढलं की ओसरीवर सागरगोटे. घड्याळ कुणाकडेच नव्हतं. आमचं घड्याळ म्हणजे आजीची हाक. सूर्य मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे, म्हणून खेळ ऐन रंगात असताना ती हाक यायची. ज्याच्यावर राज्य, तोसुद्धा हात धुवायला पळायचा. शेजारची इतर समाजाची मुलं आमचं जेवण होईपर्यंत थांबायची. जेवून आलो की डाव तिथूनच पुढे. रात्रीभोजन त्याग आम्हाला कुणी व्याख्यान देऊन शिकवला नाही. तो खेळाच्या मध्यंतरासारखा अंगवळणी पडला.

गावाबाहेर ओढ्याकाठी उंबराचं झाड होतं. लालबुंद फळं खाली पडलेली. एकदा मी एक तोंडाला लावणार, तेवढ्यात आजी म्हणाली, "आधी फोड बाई." फोडलं. आत बारीक किडे वळवळत होते, एक दोन उडाले. पाच उदुंबर फळं का वर्ज्य, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे ते पुस्तकात वाचलं, तेव्हा नवं काहीच नव्हतं.

एका उन्हाळ्यात मुनीमहाराजांचा विहार आमच्या गल्लीवरून झाला. चार हात पुढची जमीन पाहत ते चालले होते. आम्ही पोरं त्यांच्यामागे तशीच खाली बघत चाललो. मग आठवडाभर तोच खेळ! खाली बघून चाललं की काय काय दिसतं म्हणून सांगू! मुंगळ्यांची वारुळाकडे चाललेली रांग, लाल मखमली किडा, कुणाचं तरी पिसू झालेलं पीस. त्यानंतर लगोरी मांडताना आम्ही आधी जागा बघायचो. मुंग्या असल्या तर दगड दोन हात सरकवायचो. 'ईर्यासमिती' हा शब्द मला मोठेपणी भेटला.

सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांच्या झालो की मुलींना आत बोलावलं जायचं, भाऊ मात्र अंधार पडेपर्यंत बाहेर. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

काही जणी म्हणतील, मातीत खेळलं की जीव मरतातच, त्यापेक्षा घरात बरं. खरं आहे, मरतात. पण श्रावकाने सोडायची ती मुद्दाम केलेली, संकल्पी हिंसा. स्वयंपाक, झाडलोट यांत होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही, म्हणून तिथे जपून वागायला सांगितलंय. आणि जपून वागणं शिकायला आधी तो जीव समोर दिसावा लागतो. आठव्या मजल्यावरच्या मुलाला मुंगी दिसते ती फक्त नको असलेली पाहुणी म्हणून. मग त्याचा हात बाटलीकडे गेला, यात नवल काय?

दोष मी त्याला देत नाही. सुट्टी लागली की मीच त्याला सकाळी संस्कार शिबिर, दुपारी गणित, संध्याकाळी पोहणं असं बांधून टाकते. शिबिरं वाईट नाहीत, माझा मुलगा तिथेच सूत्रं शिकला. पण सूत्राला मातीची जोड हवी. रस्त्यावर गाड्या आहेत, ऊन कडक आहे, हे मलाही दिसतं. म्हणून आमच्या इमारतीतल्या आम्ही चार जणींनी ठरवलंय: संध्याकाळी पाच ते साडेसहा, पोरं खाली. एकीने कट्ट्यावर बसायचं, पाळी लावून. मुलगे-मुली सगळे सोबत. साडेसहाला हाक, सूर्यास्ताच्या आत जेवण, आणि मग ज्याला हवं त्याने पुन्हा खाली.

काल पहिला दिवस. मुलगा गुडघा खरचटून वर आला. जेवता जेवता म्हणाला, "आई, खाली मुंग्यांचं मोठ्ठं बीळ आहे. आम्ही तिथे खेळत नाही." मी काही बोलले नाही. ताटात अजून एक पोळी वाढली.

तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत हे जमेल का, बघा.

जय जिनेंद्र!