नक्षीचे पैसे आणि धारेचे पैसे

जपानी घाटाची सुरी पहिल्यांदाच ऑनलाइन घडवून घेत असाल, तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: पोलाद कोणतं, पाणी किती कडक दिलंय, धार एका बाजूने की दोन्ही बाजूंनी, आणि घडवली कुणी?

फोटोत आधी नजरेत भरते ती पात्यावरची लाटांची नक्षी. तिला ‘दमास्कस’ म्हणतात. आज ती बहुधा बाहेरच्या थरांवर असते; कापायचं काम मधला पोलादी गाभा करतो. नक्षीचे पैसे खुशाल द्या, पण ते धारेचे समजून देऊ नका.

जपानच्या साकाई शहरात पातं घडवणारा, धार लावणारा आणि मूठ बसवणारा असे वेगवेगळे कारीगर असतात. त्यामुळे ‘कुणी घडवली?’ हा प्रश्न तिथे साधाच आहे. एकाच बाजूने धार असलेली सुरी सहसा उजव्या हातासाठी असते. डावखुऱ्यांनी तसं सांगूनच घ्यावी. शिरोगामी हे कार्बन पोलाद गंजतं, म्हणून लगेच धुऊन पुसावं लागतं.

आपल्या घरात एकच सुरी कांद्यापासून नळीपर्यंत फिरते. रॉकवेल मापावर ६०च्या पुढचं पातळ पातं हाडावर मारलं, तर धारेचा टवका उडतो. हाडासाठी सत्तूरच बरा.

मी शिक्षक आहे. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, हे मला पटत नाही. आपण नुसत्या नक्षीवर भुललो, तर मन लावून पाणी देणाऱ्या कारीगराचा हुनर विकलाच जाणार नाही. उत्तर टाळणाऱ्याकडून सुरी घेऊ नये.